‘अजीर्ण’ : एक शब्दपाठ



इयत्ता चौथीच्या एका वर्गाची तपासणी करीत असता मी मुलांना विचारले, “अजीर्ण म्हणजे काय?” एका सुरात उत्तर आले, “अपचन!” “बरे, अपचन म्हणजे काय?” तितक्याच उत्साहाने उत्तर आले, “अजीर्ण!” वह्या पाहिल्या. दोन्ही शब्दार्थ शुद्ध अक्षरांत लिहिलेले होते. चूक काढावयास जागा नव्हती. शब्द मात्र मुलांच्या पोटापर्यंत पोहोचला नव्हता.

हा शब्द शिकवावयाचा तर आधी त्याचे मराठी भावंड हाती घ्यावे. ते भावंड म्हणजे ‘जिरणे’. पावसाचे पाणी शेतात जिरते, चोळलेले तेल अंगात जिरते, खाल्लेले अन्न पोटात जिरते. आणि बढाईखोराची जिरते तेव्हा सारा वर्ग हसतो. हे शेवटचे उदाहरण मुलेच देतील, त्यांना ते देऊ द्यावे. मग तांब्याभर पाणी अंगणातील भुसभुशीत मातीत व तितकेच फरशीवर ओतून दाखवावे. एक जिरले, दुसरे तसेच राहिले. एवढे झाल्यावर फळ्याकडे वळावे. संस्कृतातील ‘जॄ’ या धातूपासून ‘जीर्ण’ हे रूप झाले; झिजलेले व पचलेले असे त्याचे दोन्ही अर्थ होतात. जीर्ण वस्त्रात पहिला अर्थ आहे, अजीर्णात दुसरा, व आरंभीचा ‘अ’ नकाराचा. फोडणीतील जिऱ्यासही संस्कृतात ‘जरण’ असे एक नाव आहे. मुलांना ही गंमत अवश्य सांगावी.

‘मला लाडवांचे अजीर्ण झाले’ या वाक्यात ज्याला झाले त्याची चतुर्थी व ज्याचे झाले त्याची षष्ठी. व्याकरणाचा एक तास या एका वाक्यावर निघतो. पुढे पैशाचे, ज्ञानाचे, वाचनाचे अजीर्ण असे लाक्षणिक प्रयोग आहेत. परिपत्रकांचे अजीर्ण हा प्रयोग आपणांस ठाऊक आहेच. तो मुलांस सांगण्याचे कारण नाही.

आता महत्त्वाचे. ‘माधवनिदान’ या प्राचीन वैद्यकग्रंथात अजीर्णाचे आम, विदग्ध, विष्टब्ध व रसशेष असे प्रकार वर्णिले आहेत. आपली मुलेही असे भेद करतात, परंतु घरच्या शब्दांनी. मळमळते म्हणजे ओकारी येईलसे वाटते. मुरडते म्हणजे पिळवटून शौचाची भावना होते. गुबारा धरतो म्हणजे पोट फुगते. तडस लागते म्हणजे गळ्याशी येईतो जेवण झालेले असते. कळ येते म्हणजे एकदम तीव्र वेदना होते. यांपैकी प्रत्येक शब्द ‘अजीर्ण’ या शब्दाहून नेमका आहे. ‘ग्रामीण’ म्हणून आपण ते वहीतून खोडतो आणि त्यांच्या जागी ‘पोटदुखी’ लिहावयास लावतो. हे मला मान्य नाही.

यामागे एक जुनी टोचणी आहे. मी नवशिका शिक्षक असताना गणिताच्या तासाला एक मुलगा उठून म्हणाला, “गुरुजी, पोटात डचमळतंय.” हा शब्द मला नवा होता. गणित टाळण्याची सबब समजून मी त्याला दरडावून खाली बसविले. थोड्याच वेळात तो पाटीवर ओकला. मुले हसली. पुढे कित्येक दिवस तो शाळेत आला नाही. आला तेव्हा त्याला घेऊन त्याची आई आली होती. ती मला काहीच बोलली नाही.

2015 सालापासून आपल्या शाळांतून राष्ट्रीय जंतनाशक दिन पाळला जातो. गोळी घेतल्यावर एखाद्या मुलास थोडी मळमळ वा पोटदुखी होऊ शकते. बहुधा ती थोड्या विश्रांतीने थांबते. त्या दिवशी “कसे वाटते?” या प्रश्नास मूल जो शब्द देईल तोच जसाच्या तसा नोंदवावा व आरोग्यसेविकेस सांगावा. एरवीही वारंवार उलटी होत असेल, शौचावाटे रक्त पडत असेल, किंवा बेंबीभोवतीची कळ सरकून उजव्या कुशीत खाली स्थिरावली असेल, तर ओवा-सोडा देत न बसता पालकांस बोलावून मुलास तत्काळ प्राथमिक आरोग्य केंद्रात न्यावे.

गृहपाठ म्हणून प्रत्येक मुलाने पोटाच्या तक्रारींचे घरात बोलले जाणारे शब्द आजीस विचारून लिहून आणावेत. शुद्धलेखनाखेरीज त्यांत काही दुरुस्त करू नये. पुढील भेटीत त्या वह्या मी पाहीन. ‘डचमळणे’ कोणाच्या वहीत आढळते का, याची मला उत्सुकता आहे.