जुन्या व्हॅनचं स्टेअरिंग: स्क्रू आवळण्याआधी हे तपासा

धंदा सुरू करताना बरेच जण डिलिव्हरीसाठी जुनी व्हॅन घेतात. मीही घेतली होती, सेकंड हँड ओम्नी. ओम्नी 2019 मध्ये बंद झाली, म्हणजे आज बाजारात मिळेल ती जुनीच. या गाडीला पॉवर स्टेअरिंग नाही आणि वय झालं की स्टेअरिंगमध्ये 'प्ले' येतो. म्हणजे आपण स्टेअरिंग फिरवतो, पण चाक लगेच वळत नाही.

माझी चूक

माझ्या गाडीला असाच प्ले होता. गॅरेजवाल्याला म्हटलं, "दादा, घाई आहे, तेवढं टाईट करून द्या." त्यांनी ऍडजस्टिंग स्क्रू आवळला, दहा मिनिटांत काम झालं. सरळ रस्त्यावर गाडी मस्त वाटली. पुढच्या आठवड्यात पुण्याहून माल भरून साताऱ्याकडे येत होतो. खंबाटकी घाटात वळण संपलं, मी हात सैल सोडले, पण स्टेअरिंग परत सरळ आलंच नाही! जोर लावून ओढावं लागलं. तेव्हा शेजारून ट्रक जात होता. त्या दिवशी माल वाचला आणि मीही वाचलो.

असं का झालं?

ओम्नीला रॅक अँड पिनियन स्टेअरिंग असतं. गाडी जास्त वेळ सरळ चालते, म्हणून रॅकचे दाते मधल्या भागात जास्त झिजतात, टोकाकडे कमी. मधला ढिलेपणा जाईपर्यंत स्क्रू आवळला, की वळणावर न झिजलेले दाते आले की स्टेअरिंग जाम होतं. शिवाय माझा खरा प्रॉब्लेम रॅकमध्ये नव्हताच. उजव्या बाजूचा टाय रॉड एंड गेला होता. स्टेअरिंग जड झालं म्हणून प्ले कमी वाटला, एवढंच.

मग योग्य पद्धत कोणती?

1. सपाट जागा, चाकं सरळ, इंजिन बंद. आधी टायरची हवा बघा.

2. स्टेअरिंग हलक्या हाताने डावीकडे-उजवीकडे हलवा. पुढचं चाक हलायला लागेपर्यंत स्टेअरिंगची कड किती सरकते, ते पट्टीने मोजा. साधारण 30 मिमीच्या पुढे गेलं, तर तपासायलाच हवं. नेमका आकडा आपल्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये बघा.

3. आता दोघं लागतात. चाकं जमिनीवरच ठेवा. एकाने स्टेअरिंग हलवत राहायचं, दुसऱ्याने एकेका जोडावर हात ठेवायचा: कॉलमचा जॉइंट, रॅकचे माउंटिंग बोल्ट, टाय रॉड एंड. जिथे एक बाजू हलते आणि दुसरी हलत नाही, तिथे झीज आहे. तो पार्ट बदला. टाय रॉड एंड बदलला तर नवी स्प्लिट पिन टाका आणि अलाइनमेंट करून घ्या.

4. नंतर जॅक लावून चाक वर-खाली हलवून बेअरिंग आणि बॉल जॉइंट बघा. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीच जाऊ नका, स्टँड लावा.

5. हे सगळं ठीक असेल, तरच ऍडजस्टमेंट. लॉकनट ढिला करायचा, स्क्रू अगदी थोडा फिरवायचा, लॉकनट आवळताना स्क्रू धरून ठेवायचा. मग चाकं उचलून स्टेअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवायचं. कुठेही अडकलं तर स्क्रू मागे घ्या. मधला प्ले जात नाही आणि टोकाला अडकतं, याचा अर्थ रॅक झिजला आहे. तो बदलायचा.

काही जुन्या जीप आणि टेम्पोंना रॅकऐवजी स्टेअरिंग बॉक्स असतो. त्यात उलटं आहे. मधल्या स्थितीत दाते मुद्दाम घट्ट बसवलेले असतात. म्हणून तिथे ऍडजस्टमेंट चाकं अगदी सरळ ठेवूनच करायची. वळवलेल्या स्थितीत आवळलं, तर सरळ चालतानाच बॉक्स जाम होईल.

हे काम स्वतः करायचंच असं नाही. स्टेअरिंग आहे, अनुभवी मेकॅनिककडूनच करून घ्या. पण शेजारी उभं राहा आणि विचारा, "आधी जोड तपासले का?" काम झाल्यावर रिकामी गाडी मोकळ्या मैदानात हळू चालवा. वळण घेऊन हात सैल केला की स्टेअरिंग आपोआप परतायला हवं. ते झाल्याशिवाय माल भरू नका.

मी त्या दिवशी गॅरेजवाल्याला कारण शोधायला सांगितलंच नव्हतं, फक्त "टाईट करा" म्हटलं होतं. दुकानातही आपण हेच करतो. विक्री घसरली की लगेच भाव कमी करतो, पोरांना ओरडतो. दोन दिवस बरं वाटतं. म्हणून लक्षात ठेवा: आधी ढिलं कुठे आहे ते शोधा, मग पाना उचला.

भेटू पुढच्या भागात!