पुस्तक मोफत, पण शिक्षकाचा वेळ नव्हे

सावर्डे, ता. चिपळूण
९ जून

चि. मृणालिनीस,


तुझे पत्र आणि सोबतचा प्रस्तावाचा मसुदा, दोन्ही वाचले. प्राध्यापकांनी मोफत किंवा अगदी कमी किमतीचे अभ्याससाहित्य वर्गात आणावे म्हणून तुमच्या संस्थेने निधी बाजूला काढला, ही मला फार मोलाची गोष्ट वाटते. आपल्याकडे इमारतीला देणगी मिळते, संगणकांना मिळते. शिकवण्याच्या तयारीसाठी पैसे देणारे क्वचितच भेटतात. म्हणूनच तुझा मसुदा वाचून मी अस्वस्थ झालो. संख्याशास्त्राचे नवे पुस्तक, डीटीपी, मुखपृष्ठ, पाचशे प्रतींची छपाई असा सगळा हिशेब तू मांडलास आणि मानधनाच्या रकान्यात शून्य लिहिलेस. ते शून्य आधी खोड. नवे पुस्तक लिहायचा बेतही सोडून दे.

विद्येसाठी ठेवलेला पैसा कशावर खर्चावा, हा वाद आपल्याकडे जुना आहे. पेशव्यांच्या काळात पुण्यात श्रावणात शास्त्री-पंडितांना दक्षिणा वाटली जाई. पेशवाई गेल्यावर इंग्रजांनीही ती काही प्रमाणात चालू ठेवली. १८४९ च्या सुमारास लोकहितवादी आणि त्यांच्या बरोबरीच्या सुधारकांनी सरकारकडे मागणी केली, की यातला काही भाग मराठीत उपयुक्त ग्रंथ लिहिणाऱ्यांना द्यावा. जुन्या मंडळींनी गदारोळ केला. जोतीराव फुले सुधारकांच्या पाठीशी उभे राहिले. त्यातून दक्षिणा प्राइझ कमिटी आली आणि मराठीत ग्रंथ व भाषांतरे करणाऱ्यांना बक्षिसे मिळू लागली. पुस्तकामागे जे कष्ट असतात त्यांचे मोल समाजाने द्यायचे असते, हे तेव्हाच्या तरुणांनी भांडून मान्य करून घेतले होते. पावणेदोनशे वर्षांनी तू आपल्या कष्टांपुढे शून्य लिहावेस, हे मला पटत नाही.

पुढे १९६८ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर प्रादेशिक भाषांतील विद्यापीठीय पुस्तकांसाठी केंद्राने राज्यांना प्रत्येकी एक कोटी रुपयांपर्यंत मदत देऊ केली आणि नागपूरला महाराष्ट्र विद्यापीठ ग्रंथनिर्मिती मंडळ उभे राहिले. मंडळाची काही पुस्तके माझ्या कपाटात अजून आहेत. जाणत्या माणसांनी मन लावून लिहिलेली. त्या काळी पुस्तक मुलांपर्यंत न्यायचे तर छापण्यावाचून गत्यंतर नव्हते. आज ती अडचण उरलेली नाही. अमेरिकेतील राइस विद्यापीठाने २०१२ पासून ओपनस्टॅक्स या नावाने पदवीची पाठ्यपुस्तके मोफत खुली केली, त्यांत संख्याशास्त्रही आहे. पाया तयार आहे. तुला तो निवडायचा आहे, मुंबई विद्यापीठाच्या अभ्यासक्रमाशी घटक न घटक जुळवायचा आहे, नको ते गाळायचे, हवे ते घालायचे, उदाहरणे बदलायची, प्रश्नपेढी करायची. हे काम वर्गावर्गातून धावताना होत नाही. त्याला वेळ लागतो आणि निधी हवा तो त्या वेळासाठी.

अमेरिकेतल्याच जॉर्जिया राज्याच्या सरकारी विद्यापीठांनी २०१४ पासून नेमके हे केले. महागडे पुस्तक सोडून मोफत साहित्याकडे वळणाऱ्या प्राध्यापकांच्या गटाला त्यांनी अनुदान दिले. गटात ग्रंथपालही असावा असे पाहिले. शेवटी मुलांचे किती पैसे वाचले आणि किती मुले नापास झाली वा विषय सोडून गेली, याचा अहवाल मागितला. जॉर्जिया विद्यापीठातल्या २१ हजारांहून अधिक विद्यार्थ्यांच्या निकालांचा एक अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. मोफत पुस्तक आल्यावर गुण सुधारले आणि गरीब घरच्या मुलांचे अधिक सुधारले, असे त्यात दिसले.

पण त्यांचा अर्ज जसाच्या तसा उतरवू नकोस. तिकडे एकेक पुस्तक शंभर-दीडशे डॉलरचे, म्हणून वाचलेल्या पैशांचा आकडा डोळ्यांत भरतो. आपले दुखणे वेगळे आहे. इथे गोविंदराव निकमांनी सह्याद्री शिक्षण संस्था उभी केली, त्यामुळे मांडकी, आगवे, असुर्डे, वहाळ अशा गावांतली मुले सावर्ड्यात शिकू लागली. आता फार्मसी आहे, कला महाविद्यालय आहे, शेजारी डेरवणला वैद्यकीय महाविद्यालय आहे. संध्याकाळी कॉलेजची काही मुले माझ्याकडे गणिते घेऊन येतात. त्यांच्या पिशवीत पाठ्यपुस्तक नसते. मागच्या वर्षीच्या कुणाच्या तरी वहीची झेरॉक्स असते आणि परीक्षेच्या तोंडावर घेतलेले गाइड असते. पुस्तक काही शे रुपयांचेच असते, पण एका सत्रात पाच-सहा विषय, शिवाय एसटीचा पास आणि परीक्षा फी. त्यात २०२४-२५ पासून संलग्न महाविद्यालयांत नव्या शैक्षणिक धोरणाचा अभ्यासक्रम आला, तेव्हापासून मोठ्या बहिणीचे पुस्तक धाकट्याच्या कामी येईना. मूल पुस्तक विकत घेत नाही, म्हणजे वाचलेले पैसे मोजायला गेलीस तर आकडा फारसा येणारच नाही, आणि प्रस्ताव तपासणारी समिती म्हणेल, मग एवढा खर्च कशाला? तू वेगळे मोज. सत्र सुरू झाल्यावर पहिल्या आठवड्यात वर्गातल्या किती मुलांकडे पूर्ण पुस्तक होते, आणि त्यांतल्या किती जणांनी ते उघडले. आधीच्या तुकडीचा हा आकडा आत्ताच विचारून ठेव, नाहीतर पुढच्या वर्षी तुलना कशाशी करणार?

अमेरिकेपेक्षा जवळचा दाखला हवा असेल तर आपल्या पवईचा दे. केंद्र सरकारच्या २००९ च्या माहिती-तंत्रज्ञान शिक्षण अभियानातून आयआयटी मुंबईत ‘फॉसी’ प्रकल्प चालला. नेहमीच्या पाठ्यपुस्तकांतली सोडवलेली उदाहरणे सायलॅब या मोफत प्रणालीत बसवून देणाऱ्यांना तिथे मानधन मिळते. कॉलेजची प्रयोगशाळा महागड्या सॉफ्टवेअरवरून सायलॅबवर आणायची असेल, तर त्या प्रयोगांची उत्तरे तयार करणाऱ्यांनाही मिळते. काम तपासले जाते, मंजूर होते, सर्वांसाठी खुले होते, मग पैसे. तिथलाच ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्प अशा प्रणालींचे छोटे धडे देतो, त्यांतले अनेक मराठीतही आहेत. मोफत साहित्य वापरात आणणाऱ्याला पैसे द्यायचे, ही रीत आपल्याच राज्यात रुळलेली आहे, हे समितीच्या नजरेस आण.

आता प्रत्यक्ष कामाचे. संपूर्ण अभ्यासक्रम एका वर्षात घेऊ नकोस. पहिल्या सत्राचा एकच पेपर घे. परीक्षा इंग्रजीत असते म्हणून मूळ मजकूर इंग्रजीतच राहू दे, पण प्रत्येक प्रकरणाला मराठी टिपा जोड. मराठी माध्यमातून आलेले मूल गणितात अडत नाही, गणिताच्या भोवतीच्या वाक्यात अडते. भाषा संचालनालयाचे परिभाषा कोश हाताशी ठेव आणि एक संज्ञा एकदा घेतलीस की ती शेवटपर्यंत बदलू नकोस. परक्या खेळांची आकडेवारी काढून टाक. सावित्री-वाशिष्ठीची पाणीपातळी, रोजचा पाऊस, हापूसच्या पेटीतल्या फळांची वजने, असली सामग्री मुलांकडूनच गोळा करून घे. २२ जुलै २०२१ ला महाडमध्ये किंवा चिपळुणात ज्यांच्या घरात पाणी शिरले, त्या मुलांना टोकाचे निरीक्षण म्हणजे काय हे समजावून सांगावे लागत नाही. महिन्याच्या सरासरीत तो एक दिवस कसा दिसेनासा होतो, हे मात्र शिकवावे लागते. तुझा हा धडा दुसरे कोणी लिहून देणार नाही. त्याच्यासाठी वेळ माग.

फाइल हलकी ठेव. पावसात वीज आणि रेंज दोन्ही जातात. एकदा उतरवून घेतलेले प्रकरण साध्या फोनवर नेटशिवाय उघडले पाहिजे. ज्यांच्याकडे स्वतःचा फोन नाही त्यांच्यासाठी ग्रंथालयात दहा-बारा छापील प्रती ठेव. छपाई लागते ती तेवढीच.

परवान्याची बाब मात्र डोळ्यांत तेल घालून पाहा. मोफत मिळते ते सगळे खुले नसते. क्रिएटिव्ह कॉमन्सचा परवाना पुस्तकाच्या सुरुवातीलाच लिहिलेला असतो: नुसते श्रेय मागितले असेल तर तुला बदल, भाषांतर, छपाई सगळे करता येते, बदल करू नये अशी अट असेल तर मराठी टिपा गुंफलेली आवृत्ती काढता येत नाही, व्यापारी वापर नको असे असेल तर त्या प्रती नफ्यासाठी विकता येत नाहीत. टेलिग्रामवर फिरणारी स्कॅन केलेली पुस्तके वर्गाच्या ग्रुपवर टाकणे तर नकोच. तुझे सहकारी दिल्ली विद्यापीठाच्या झेरॉक्स खटल्याचा हवाला देतील. २०१६ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने शिकवण्यासाठी उतारे एकत्र करून त्यांच्या प्रती काढायला कायद्यात जागा आहे असे म्हटले, हे खरे आणि आनंदाचे आहे. पण तो निकाल वर्गाच्या अभ्याससंचांबद्दल होता. त्याच्या आधाराने आख्खी पुस्तके नेटवर टाकता येत नाहीत. जे आपले आहे किंवा उघडपणे दिलेले आहे, त्यावरच बांधकाम कर.

पदोन्नतीचा प्रश्न तू विचारलास. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमावलीत राष्ट्रीय प्रकाशकाकडून आलेल्या पुस्तकाला १० गुण आहेत, तर संपूर्ण अभ्यासक्रमाच्या ई-साहित्याला १२. दुसऱ्याचे चांगले पुस्तक निवडून वर्गात नीट वापरल्याबद्दल काहीच नाही, आणि हा मला त्या नियमावलीतला अन्याय वाटतो. म्हणून तुझ्या टिपा, उदाहरणे, प्रश्नपेढी आणि ध्वनिचित्रफिती मिळून ई-साहित्य म्हणून रीतसर नोंदव.

यापेक्षाही मला टोचणारी गोष्ट तुझ्या पत्राच्या शेवटी होती: “तासिका तत्त्वावरचे दोघे मदत करणार आहेत.” मृणाल, त्यांना घेतलेल्या तासांचेच पैसे मिळतात. सुट्टीत नाही, पेपर तपासणीच्या आठवड्यांत नाही. तुझ्या मोफत पुस्तकाचे अर्धे श्रम त्यांनी केले आणि त्यांना काहीच मिळाले नाही, तर मुलांचा खर्च त्यांच्या खिशातून गेला असा त्याचा अर्थ होईल. प्रस्तावात दोघांची नावे, तासांचा अंदाज आणि मानधन लिही. तुझ्या मानधनाच्या आधी लिही. ग्रंथपालांचेही लिही. एकूण रकमेचा काही हिस्सा दुसऱ्या वर्षासाठी राखून ठेव, कारण पहिल्या तुकडीने काढलेल्या चुका कोणीतरी दुरुस्त करायच्या असतात.

संस्थेचा निधी अपुरा पडला तर गावच्या मुंबई मंडळाकडे जा. आपले चाकरमानी शाळेला कपाट देतात, पंखे देतात, मनापासून देतात. शिक्षकाच्या पन्नास तासांसाठी देणगी द्या, हे त्यांना आजवर कोणी सांगितलेले नाही. त्या तासांतून झालेल्या प्रकरणाच्या पहिल्या पानावर देणाऱ्याचे नाव घालता येते.

मसुदा नव्याने लिहून गणेशचतुर्थीपूर्वी पाठव. मराठी टिपा मी तपासून देईन. मला पेन्शन आहे, माझ्यासाठी रकाना नको. त्या जागी तिसरा तासिका शिक्षक घेता येतो का ते पाहा.

तुझा,
मामा