साथोरनच्या हॉटेलात उतरण्याआधी

चि. मुक्ता हिस अनेक आशीर्वाद.

दादाचा फोन आला होता. लेक कंपनीच्या कामाने बँकॉकला चाललीय, साथोरनवरच्या मोठ्या हॉटेलात उतरणार, हे सांगताना त्याचा आवाज अभिमानाने चढत होता आणि काळजीने उतरत होता. ‘चार गोष्टी सांग तिला,’ म्हणाला. निर्यातीच्या कामात माझी उमेदीची वर्षं अशाच हॉटेलांतून गेली, म्हणून लिहिते.

अशा जागी पहिल्यांदा गेलेलं माणूस एक तर दबतं, नाही तर शेफारतं. दबलेल्याला गरम पाणी आलं नाही तरी तो गप्प बसतो. शेफारलेला एका उशीसाठी तीनदा फोन करतो आणि चौथ्यांदा ओरडतो. दोघांच्याही मनात एकच असतं, की ही जागा आपली नव्हे. अगं, ती कंपनीने कामासाठी भाड्याने घेतलेली एक खोली आहे. तेवढंच धरून राहिलीस तर बाकीचं आपोआप जमेल.

आधी पैशांचं. तिथे दरापुढे पुष्कळदा दोन अधिक चिन्हं छापलेली असतात. म्हणजे छापील दरावर १० टक्के सेवा शुल्क, आणि त्या बेरजेवर पुन्हा ७ टक्के व्हॅट. ५,००० बाटची खोली ५,८८५ला पडते. हॉटेलातल्या जेवणाचं आणि इस्त्री-धुलाईचंही बहुधा तसंच. खर्चाची परवानगी छापील दराच्या हिशेबाने घेतलीस आणि बिल वेगळं आलं, तर हिशेब विभागातले लोक तुलाच धरतील. चेक-इनच्या वेळी अनामत म्हणून कार्डावर काही रक्कम अडकवून ठेवतात. तिथे डेबिट कार्ड देऊ नकोस. खात्यातले खरे पैसे अडकतात आणि सुटायला बरेच दिवस लागतात. कंपनीच्या नावाने कर-पावती हवी हेही तेव्हाच सांग, निघायच्या घाईत नको. मिनीबारमधलं काही हलवून पाहू नकोस. काही ठिकाणी वस्तू उचलली की बिलात चढते. पाण्याच्या ज्या बाटल्यांवर मोफत लिहिलंय त्या खुशाल पी, नळाचं मात्र पिऊ नकोस.

खोलीचा नंबर काउंटरवर कुणी मोठ्याने उच्चारला, तर खोली बदलून माग. संकोच करू नकोस, हा तुझा हक्क आहे. बहुतेक ठिकाणी लिफ्ट कार्ड लावल्याशिवाय मजल्यावर नेत नाही, ते सोयीचंच आहे. आणि कामाचं बोलणं लॉबीत कर. साहेब कितीही भला असो, ‘फाइल घेऊन वर ये’ म्हणाला तर तू ‘खाली कॉफी घेऊ या’ म्हण.

आता तिथल्या माणसांविषयी, कारण आपले लोक घसरतात ते इथेच. थाई माणूस चारचौघांत आवाज चढवत नाही, आणि चढवणाऱ्याची किंमत त्याच्या लेखी तिथेच उतरते. तू ओरडलीस तर काउंटरवरची मुलगी हसेल. तिला गंमत वाटते म्हणून नव्हे, प्रसंग निभावून न्यायचा म्हणून. तुझं काम मात्र अडेल. तेच हळू आवाजात, हसून सांगितलंस तर दहा मिनिटांत होईल. ‘नाही’ हे उत्तर तिला तोंडावर देववत नाही. ती ‘बघते’ म्हणाली तर दुसरा मार्ग विचार. हात जोडून नमस्कार करतील तेव्हा मान लववलीस, हसलीस की पुरे. बैठकीत ज्येष्ठ कुणी असेल तर नमस्कार आधी तू कर. तुला ते शिकवायला नको.

राजघराण्याविषयी चांगलं-वाईट काहीच बोलू नकोस, चेष्टेतही नाही, फोनवरही नाही. त्यांच्या दंडसंहितेच्या ११२व्या कलमाखाली एकेका गुन्ह्याला ३ ते १५ वर्षांची कैद आहे. नोटांवर राजाचा चेहरा असतो, म्हणून पडलेली नोट पायाने अडवायची नाही. सकाळी ८ आणि संध्याकाळी ६ वाजता स्टेशनवर राष्ट्रगीत लागतं. सगळे थांबले की तूही थांब.

हॉटेलच्या दाराशी एक चिमुकलं देऊळ दिसेल, समोर लाल सोड्याची बाटली आणि तिच्यात स्ट्रॉ. जागेच्या रक्षक देवतेचा तो नैवेद्य आहे. हसू नकोस, हातही लावू नकोस. आपल्याकडे इमारतीत गणपती बसवतात, त्यापेक्षा यात काही निराळं नाही. वेळ मिळाला तर राचाप्रासोंग चौकातला एरावन ब्रह्मा बघ. तिथलं सरकारी हॉटेल बांधताना अपघात होऊ लागले, तेव्हा ज्योतिषाच्या सल्ल्याने १९५६ साली चतुर्मुख ब्रह्मा बसवला. ते हॉटेल पाडून नवं उभं राहिलं, देव तिथेच आहे. आपल्याकडे ब्रह्मदेवाची देवळं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी, आणि तिथे भर बाजारात रांग!

जाण्यायेण्याला १९९९पासून धावणारी उन्नत रेल्वे घे. संध्याकाळच्या वाहतुकीत टॅक्सी म्हणजे बसून राहायचा धंदा. तिथलं घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास पुढे. नऊची बैठक म्हणजे तुझ्या शरीराला साडेसात, तेव्हा आदल्या रात्री लवकर झोप.

खाण्याची काळजी तुझी आई करते आहे, मी नाही. एवढंच लक्षात ठेव, की भाजी दिसते शाकाहारी, पण तिच्यात माशाचं पाणी किंवा कोळंबीची चटणी असते. नुसतं ‘मांस नको’ म्हणून भागत नाही, मासळीचंही नाव घेऊन सांगावं लागतं. पिवळ्या पाटीवर लाल अक्षरं दिसली तर तिथलं निर्धास्त खा. त्यात कांदा-लसूणही नसतो. सिलोमवर मारियम्मनचं देऊळ आहे, त्याच्या आसपास भारतीय जेवण मिळतं. पण रोज तिथेच जाऊन बसू नकोस, म्हणजे झालं. नाश्त्याच्या टेबलावरची केळी पर्समध्ये भरू नकोस हेही सांगणार होते; पण तू माझी भाची आहेस, एक घेशील आणि तिथेच खाशील.

खोली आवरणाऱ्या बाईसाठी उशीशी रोज वीस बाट ठेव. सेवा शुल्क भरलं असलं तरी ठेव. आणि निघताना सही करण्याआधी बिलाची प्रत्येक ओळ वाच. मागे रांग लागली असली तरी वाच.

तुझी,
आत्या