हार्ड डिस्क कुरकुरतेय? आधी रिपोर्ट बाहेर काढा

मधुमेह, रक्तदाब किंवा मूत्रपिंडाचा जुना आजार असलेल्या माणसाची फाइल एका गावात राहत नाही. इंदापूरच्या उपजिल्हा रुग्णालयात पहिली तपासणी, बारामतीत सोनोग्राफी, पुण्यात अँजिओग्राफी, मधूनच अकलूजला भरती, अशी ती फिरत असते. मग घरातलं कुणीतरी हे सगळे कागद स्कॅन करतं, एमआरआयची सीडी कॉपी करतं आणि ‘आईचे रिपोर्ट’ नावाचा फोल्डर घरच्या पीसीवर ठेवून देतं. काम मोलाचं आहे. पण तो पीसी बहुधा आठ-दहा वर्षांचा असतो आणि फोल्डरची दुसरी प्रत कुठेच नसते.

जुन्या रिपोर्टची किंमत ऐन वेळी कळते. छातीत दुखतंय म्हणून आलेल्या माणसाच्या ईसीजीत बदल दिसला, तर तो आजचा की दहा वर्षांपूर्वीचा, यावर पुढचे निर्णय अवलंबून असतात. जुना ईसीजी समोर असेल तर हा प्रश्न मिनिटभरात सुटतो. रक्तातलं क्रिएटिनिन १.६ आलं आणि गेली पाच वर्षं ते तेवढंच असेल, तर त्याचा अर्थ वेगळा. सहा महिन्यांपूर्वी ते ०.९ होतं असं कळलं, तर कारण शोधायला त्याच दिवशी लागावं लागतं. शिवाय ईसीजी आणि सोनोग्राफीचे प्रिंट बहुधा थर्मल कागदावर निघतात. उन्हाने, उकाड्याने ते फिके पडतात. इंदापूर-बारामती भागात एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीला टेकतो, तेव्हा लोखंडी कपाटातले असे कागद फार वर्षं टिकत नाहीत. त्यामुळे स्कॅन केलेली प्रतच पुष्कळदा वाचता येण्याजोगी उरते.

हार्ड डिस्क मात्र झिजणारं यंत्र आहे. आतल्या चकत्या मिनिटाला ५,४०० किंवा ७,२०० फेरे घेतात आणि माहिती वाचणारं हेड त्यांच्यापासून काही नॅनोमीटरवर तरंगतं. माणसाचा केस त्या फटीच्या हजारो पट जाड असतो. हेड चकतीला टेकलं, की तिथली माहिती खरवडली जाते आणि डिस्क चालू राहील तसतसं नुकसान पसरत जातं.

लक्षणं ओळखता येतात. फोल्डर उघडायला मिनिटं लागतात, कॉपी करताना पीसी हँग होतो, काल उघडलेली फाइल आज उघडत नाही, निळा पडदा वारंवार येतो. ठरावीक लयीत ‘कट-कट’ आवाज येत असेल, तर ते सगळ्यांत गंभीर लक्षण. डिस्क स्वतःच्या बिघाडांची नोंदही ठेवते. ‘क्रिस्टलडिस्कइन्फो’सारख्या मोफत प्रोग्रॅममध्ये ती पाहता येते. तिथे पिवळा इशारा दिसला, तर थांबू नये. गूगलच्या तीन अभियंत्यांनी २००७ मध्ये एक लाखाहून अधिक डिस्कची पाहणी प्रसिद्ध केली. तपासणीत पहिली चूक सापडलेली डिस्क पुढच्या ६० दिवसांत बंद पडण्याची शक्यता, अशी चूक नसलेल्या डिस्कच्या ३९ पट होती. त्याच पाहणीत बंद पडलेल्या डिस्कपैकी ३६ टक्क्यांहून अधिक डिस्कनी, तापमान सोडलं तर, कसलीच पूर्वसूचना दिली नव्हती. रक्तदाब नॉर्मल असलेल्यालाही हृदयविकाराचा झटका येतो, तसंच हे. चांगला रिपोर्ट म्हणजे हमी नव्हे.

लक्षणं दिसताच घरोघरी पहिला उपाय निघतो तो ‘विंडोज मारून घेऊ’ हा. तो घातक आहे. नवीन विंडोज टाकताना डिस्कवर लिहिलं जातं आणि ज्या जागी जुने रिपोर्ट होते ती जागा कायमची पुसली जाऊ शकते. डिस्क दुरुस्त करणारे प्रोग्रॅम, डीफ्रॅगमेंट, पुन्हा पुन्हा रीस्टार्ट, फ्रिजमध्ये ठेवणं, झाकण उघडून पाहणं, यांतलं काहीही करू नये. दुरुस्ती नंतर, आधी प्रत.

आवाज नसेल आणि डिस्क नुसती मंद झाली असेल, तर नवीन एक्स्टर्नल डिस्क किंवा पेन ड्राइव्ह जोडून लगेच कॉपी सुरू करावी. क्रम महत्त्वाचा: आधी रिपोर्ट, डिस्चार्ज कार्डं आणि ईसीजी, मग मुलांच्या लसीकरणाच्या नोंदी, त्यानंतर फोटो, सिनेमे आणि गाणी सगळ्यांत शेवटी. एखाद्या फाइलवर कॉपी अडकली, तर ती सोडून पुढे जावं. कट-कट आवाज येत असेल, तर मात्र पीसी तत्काळ बंद करावा आणि डेटा रिकव्हरीचं काम करणाऱ्या जाणकाराकडे डिस्क द्यावी. देण्याआधी नेमका कोणता फोल्डर हवा ते लिहून द्यावं आणि खर्चाचा अंदाज मागावा. रिपोर्ट ही खासगी माहिती असते. काम झाल्यावर दुकानातली प्रत पुसायला सांगावं.

फोल्डर गेलाच, तर औषधं थांबवू नयेत. ही चूक जिवावर बेतू शकते. घरातल्या गोळ्यांच्या पाकिटांवर नाव आणि मात्रा असते. ती पिशवीत घालून डॉक्टरांकडे न्यावीत, रिकामी पाकिटंही. कोणत्या औषधाची ॲलर्जी आहे, ते कागदावर लिहून न्यावं. पॅथॉलॉजीने व्हॉट्सॲपवर पाठवलेल्या पीडीएफ जुन्या मेसेजमध्ये शोधाव्यात. भारतीय आयुर्विज्ञान परिषदेच्या २००२ च्या नियमांनुसार भरती झालेल्या रुग्णाच्या नोंदी उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षं जपणं आणि मागणी आल्यावर ७२ तासांत देणं डॉक्टरांवर बंधनकारक आहे. त्यामुळे संकोच न करता लेखी अर्ज करावा.

पुढची सोय अवघड नाही. रिपोर्टच्या तीन प्रती असाव्यात: एक पीसीवर, दुसरी एक्स्टर्नल डिस्कवर, तिसरी घराबाहेर, म्हणजे पुण्यात राहणाऱ्या मुलीकडे किंवा गूगल ड्राइव्हवर. तिथल्या १५ जीबी मोफत जागेत एका कुटुंबाचे कागद सहज मावतात. खात्याला दोन टप्प्यांची सुरक्षा मात्र लावावी. चौदा अंकी आभा क्रमांक काढला, तर त्याला जोडलेल्या रुग्णालयांतले रिपोर्टही मोबाइलवर मिळू लागतात. लिहिणं चालू असताना लाइट गेली तर फाइल अर्धवट राहते, म्हणून पीसीला यूपीएस हवाच. नवीन पीसीत एसएसडी असेल तरीही प्रती हव्यात, कारण ती आवाज न करता एका क्षणात बंद पडू शकते.

प्रत काढली, की ती दुसऱ्या संगणकावर उघडून पाहावी. एक पीडीएफ, एक ईसीजीचा फोटो आणि एमआरआयचा फोल्डर, एवढं पुरेसं आहे. एमआरआयच्या डायकॉम प्रतिमा साध्या फोटो ॲपमध्ये उघडत नाहीत. त्यासाठी सीडीवरचं सगळं जसंच्या तसं कॉपी झालेलं असावं लागतं. उघडलं नाही, तर स्कॅन सेंटरला या आठवड्यातच फोन करून नवी सीडी मागावी.