क्षारांची तुलना करताना

छत्रपती संभाजीनगर

चि. बाळ,

तुझे पत्र पावले. सिल्व्हर क्लोराइड आणि सिल्व्हर क्रोमेट यांपैकी पाण्यात अधिक विरघळणारा क्षार कोणता, या प्रश्नास तू कोष्टकातील विद्राव्यता-गुणाकार पाहून ‘क्लोराइड’ असे उत्तर दिलेस व ते अमान्य झाल्याने खट्टू झालास, हे वाचले. २५ अंश सेल्सिअसला क्लोराइडचा गुणाकार १.८ गुणिले १० चा उणे १० वा घात आणि क्रोमेटचा १.१ गुणिले १० चा उणे १२ वा घात. दुसरा आकडा दीडशेहून अधिक पटींनी लहान, सबब तो क्षार कमी विद्राव्य, हा तर्क वरकरणी निर्दोष दिसतो. परंतु क्लोराइडच्या एका रेणुसूत्रापासून दोन आयन निघतात आणि क्रोमेटपासून तीन. म्हणून पहिला गुणाकार हा विद्राव्यतेचा वर्ग ठरतो, तर दुसरा तिच्या घनाची चौपट. शेताचे क्षेत्रफळ आणि पाणचक्कीच्या हौदाचे घनफळ यांचे नुसते आकडे शेजारी मांडून लहानमोठेपणाचा निवाडा करणारा कारकून कोणत्याही दप्तरात टिकला नसता. आधी योग्य ते मूळ काढ, म्हणजे दिसेल की क्लोराइड लिटरमागे ०.००००१३ मोल विरघळतो आणि क्रोमेट ०.००००६५, म्हणजे पाचपट.

हे केवळ कागदावरचे नाही. आपल्याकडच्या बोअरच्या पाण्यातील क्लोराइड मोर या जर्मन रसायनज्ञाच्या पद्धतीने मोजताना चंचुपात्राकडे नीट लक्ष दे. पोटॅशियम क्रोमेटने पिवळ्या झालेल्या पाण्यात ब्युरेटमधून सिल्व्हर नायट्रेटचा थेंब पडला की तेथे क्षणभर तांबडा डाग उमटतो, आणि पात्र हलविताच तो विरून पांढरा साका वाढतो. कारण क्रोमेट आपले चांदीचे आयन क्लोराइडच्या हवाली करतो. क्लोराइड जवळजवळ संपले म्हणजेच विटकरी छटा टिकते, आणि तोच अंतिम बिंदू. तुझे उत्तर बरोबर असते, तर ही पद्धत जन्मासच आली नसती.

एकाच घडणीचे क्षार, उदाहरणार्थ सिल्व्हरचे क्लोराइड, ब्रोमाइड व आयोडाइड, यांचे गुणाकार थेट ताडून पाहण्यास हरकत नाही. मात्र ती तुलनाही शुद्ध पाण्यापुरतीच. आपले पाणी जड, त्यात कॅल्शियम आधीच हजर. कॅल्शियम फ्लोराइडचा गुणाकार ३.५ गुणिले १० चा उणे ११ वा घात धरलास, तर शुद्ध पाण्याच्या लिटरमध्ये सुमारे आठ मिलिग्रॅम फ्लोराइड उतरते. पण त्याच पाण्यात आधीपासून १०० मिलिग्रॅम कॅल्शियम असेल, तर दोनाच्या आसपासच. पिण्याच्या पाण्याची कमाल मर्यादा दीड मिलिग्रॅम आहे. म्हणून किनवट किंवा यवतमाळकडील विहिरींचा अहवाल हाती आला, तर फ्लोराइडच्या रकान्याबरोबर कॅल्शियमचाही रकाना वाचण्याची सवय आतापासून लाव. वरील दोन्ही आकडे स्वतः काढून, पायऱ्यांसह, उलटटपाली पाठव.

तुझा,
मामा