कुंडींतील वड कां सुकला?

आमच्या शाळेच्या व्हरांड्यांत एका उथळ कुंडींत वाढविलेला लहानसा वड आहे. वैराटगडाच्या पायथ्याशीं म्हसवें येथें पारंब्या टाकीत दूरवर पसरलेला जो प्रसिद्ध वटवृक्ष आहे त्याच्याच जातीचें हें झाड. पण उंची अवघी दीड वीत. मोठीं होणारीं झाडें कुंडींत लहान ठेवण्याच्या या कलेस जपानी लोक बोन्साय म्हणतात. त्या शब्दाचा अर्थ उथळ भांड्यांत लावलेलें झाड असा आहे.

एका श्रावणांत या वडाचीं पानें पिवळीं पडूं लागलीं व शेंडे माना टाकूं लागले. मुलांस वाटलें, बिचाऱ्यास तहान लागली असावी. सकाळीं एकानें पाणी घातलें, मधल्या सुटींत दुसऱ्यानें, शाळा सुटतांना तिसऱ्यानें. एकाचें काम दुसऱ्यास ठाऊक नव्हतें. आठ दिवसांत निम्मीं पानें गळलीं. शेवटीं आम्हीं झाड कुंडीबाहेर काढलें, तों मातीस कुबट वास येत होता. मुळें काळीं व लिबलिबीत झालीं होतीं. चिमटींत धरून ओढतांच वरची साल निसटून हातांत येई व आंत दोऱ्यासारखा तंतु उरे. मुळें पाण्यांत बुडालेलीं असून झाड पाण्यावांचून मरत होतें! हें कोडें सोडविण्यासाठींच हा पाठ आहे.

मुळांचा श्वास.— पानांप्रमाणें मुळांसही श्वास लागतो, ही गोष्ट आपण सहज विसरतों. मातीच्या कणांमध्यें ज्या पोकळ्या असतात त्यांतील हवेंतून मुळें प्राणवायु घेतात, व त्याच्या बळावर पाणी व क्षार शोषून वर पाठवितात. या पोकळ्या पाण्यानें भरून राहिल्या म्हणजे हवेचा मार्ग बंद होतो. कारण स्थिर पाण्यांत प्राणवायु हवेंतल्यापेक्षां सुमारें १०,००० पट मंद गतीनें पसरतो. मुळें गुदमरतात, त्यांचें काम थांबतें, आणि पानांस पाणी मिळेनासें होतें. म्हणूनच अति पाण्यानें सुकणारें झाड व तहानेनें सुकणारें झाड वरून बहुतेक सारखेंच दिसतें.

अशा दुबळ्या मुळांवर पिथियम व फायटोफ्थोरा या नांवांचे सूक्ष्म जीव हल्ला करतात. पूर्वीं त्यांची गणना बुरशींत होत असे. आतां शास्त्रज्ञ त्यांस खऱ्या बुरशीहून निराळे मानतात. त्यांचे बीजाणु शेपटीसारख्या तंतूंच्या साह्यानें पाण्यांत पोहत मुळापर्यंत जातात. साचलेलें पाणी हा त्यांचा राजमार्गच होय.

उथळ कुंडीची अडचण.— पुष्कळ घरीं कुंडीच्या तळाशीं खड्यांचा किंवा खापऱ्यांचा जाड थर देतात व त्यानें निचरा सुधारतो असें समजतात. हा समज चुकीचा आहे. त्यासाठीं एक प्रयोग करून पाहावा. स्पंजाची लांबट वडी पाण्यांत भिजवावी व ताटावर आडवी धरावी. पाणी गळावयाचें थांबलें म्हणजे तीच वडी उभी धरावी. खालच्या टोकांतून पुनः पाणी गळूं लागेल. वडी तीच व छिद्रेंही तींच, फक्त उंची वाढली. मातीचेंही असेंच आहे. बारीक माती तळाशीं कांहीं बोटें उंचीचा थर सदा ओला धरून ठेवते. उंच कुंडींत त्या थराच्या वर मुळांस हवेशीर जागा मिळते. उथळ कुंडींत तो थर जवळ जवळ सारी कुंडी व्यापतो. खाली खडे घातल्यास ओला थर तितकाच वर सरकतो आणि मुळांची जागा आणखी कमी होते. तेव्हां सबंध मातीच भरड करणें हा खरा उपाय होय.

उपचार.— आम्हीं प्रथम मुळांवरील जुनी माती पाण्यानें हलकेच धुतली. मग चाकूचें पातें स्पिरिटानें पुसून मऊ व काळीं मुळें, पांढरा टणक भाग लागेपर्यंत, कापून टाकलीं. दर वेळीं पातें पुनः पुसलें. उरलेलीं थोडीं मुळें सर्व पानांस पाणी पुरवूं शकलीं नसतीं, म्हणून कांहीं पानेंही खुडलीं. जुनी माती फेंकून दिली व कुंडी उकळत्या पाण्यानें धुतली. विटांचा भरड चुरा दोन भाग, धुतलेली जाड वाळू एक भाग व चांगलें कुजलेलें पाल्याचें खत एक भाग घेऊन, चाळणीनें बारीक धूळ काढून टाकली. तळाच्या भोंकावर जाळीचा तुकडा ठेवून झाड लावलें व तें हलूं नये म्हणून सुतळीनें कुंडीस बांधलें. कुंडी सावलींत ठेवली व वरखत मुळींच दिलें नाहीं. कारण त्यानें कोंवळीं मुळें जळतात. सहाव्या आठवड्यांत पहिलें नवें पान उलगडलें.

येथें औषधांविषयीं एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. मेलेलें मूळ कोणत्याही औषधानें जिवंत होत नाहीं. ट्रायकोडर्मा नांवाची उपकारक बुरशी खतांत मिसळल्यास रोगास कांहींसा अटकाव होतो. परंतु निचरा नसेल तर तिचा उपयोग थोडाच.

प्रतिबंध.— पाणी घड्याळ पाहून घालूं नये. एक कोरडी काडी मातींत दोन बोटें खोंचून पांच मिनिटांनीं काढावी. ती ओली निघाल्यास झारी खालीं ठेवावी. पाणी घालावयाचें तेव्हां भोंकांतून बाहेर येईपर्यंत घालावें, व मग कुंडी क्षणभर कलती धरावी, म्हणजे स्पंजाच्या वडीप्रमाणें उरलेलें पाणी निथळतें. कुंडीखालच्या बशींत पाणी सांचूं देऊं नये. मोठ्या पावसांत कुंडी ओसरीवर घ्यावी. खत कुजून मातीचा चिखल होतो, म्हणून दोन वर्षांनीं माती बदलावी. आणि पाणी घालण्याचें काम एकाकडेच सोंपवावें.

शेत हीही एक कुंडीच.— ही कथा एका शोभेच्या झाडाची आहे, असें मात्र कोणीं समजूं नये. आपल्यापैकीं कित्येकांच्या घरचा वर्षाचा खर्च हळदीवर किंवा आल्यावर चालतो. सांगलीच्या हळदीस २०१८ सालीं भौगोलिक मानांकन मिळालें; साताऱ्याकडील आल्यासही मोठी मागणी असते. या दोन्ही पिकांस कंदकूज हा रोग ग्रासतो, आणि पिथियम तेथेंही हजर असतो. शेतांत पाणी तुंबलें म्हणजे पानें कडेनें पिवळीं पडून वाळतात, कोंब बुडाशीं मऊ होऊन ओढतांच हातांत येतो, व गड्डा सडतो. म्हणून जाणते शेतकरी निरोगी बेणें निवडतात, उंच गादीवाफ्यावर लागण करतात व पावसाचें पाणी चरानें बाहेर काढतात. सांगलीजवळ कसबे डिग्रज येथें महात्मा फुले कृषि विद्यापीठाचें हळद संशोधन केंद्र आहे. रोगाची शंका येतांच पालकांनीं तेथें विचारणा करावी.

मिरज व वाळवें तालुक्यांत कृष्णाकांठची काळी जमीन अति पाण्यानें जागोजाग क्षारपड झाली आहे. जमिनीखालचें पाणी वर चढलें, त्याबरोबर क्षार वर आले, आणि पिकांच्या मुळांस हवा मिळेनाशी झाली. अशा जमिनींत कांहीं शेतकरी आतां सच्छिद्र नळ पुरून पाण्यास वाट करून देतात. नीट पाहिलें तर तो नळ म्हणजे भोंक नसलेल्या एका अवाढव्य कुंडीस पाडलेलें भोंकच होय.

व्हरांड्यांतील वड आतां बरा आहे, व त्याच्या शेजारीं एक काडी कायम ठेवलेली असते. विद्यार्थिमित्रांनो, सुकलेलें झाड पाहून झारीकडे धांवणें हा दयाळूपणाच आहे. पण त्यापूर्वीं मातींत बोट घालून पाहण्याची संवय ठेवा. सुटींत घरीं जाल तेव्हां वडिलांबरोबर वाफ्यांत उतरा, पिवळें पडलेलें एखादें रोप उपटा, आणि पाण्याचा पाट सोडण्याआधीं त्याचें मूळ पाहा.