किरणांचा शेक

आपल्या आर्णीचा माणूस कॅन्सरच्या गाठीसाठी मोठ्या दवाखान्यात गेला, की कधी कधी डॉक्टर ‘शेक घ्या’ म्हणतात. हा शेक चुलीचा नव्हे, न दिसणाऱ्या किरणांचा. लोक भितात. भ्यायचे किती, ते उंदरांवरून कळले. मुंबईत ट्रॉम्बेला १९५४ साली अणुकेंद्र निघाले. तिथेही असे प्रयोग झाले. किरणांचे माप ग्रे. सात-आठ ग्रे साऱ्या अंगावर एकदम पडले, तर बरेच उंदीर महिनाभरात मरतात. हाडांच्या गाभ्यात रक्त बनायचे थांबते. पऱ्हाटीचा कोवळा शेंडा आधी करपतो ना, तसेच. मेंदू चिवट, पण त्यातली निरोप नेणारी रसायने कमीजास्त होतात. उंदीर मलूल बसतो, बिचारा मुका जीव! रोग्याला मात्र गाठीपुरताच, थोडा थोडा, बरेच दिवस शेक देतात. मधल्या वेळात चांगले मांस सावरते.